पिशवीसोबत आणखी काय काढलं?

माझी गर्भपिशवी काढली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी बरी आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर माझी दोन खोल्यांची शाळा आहे. एस.टी.तून उतरून चढ चढत रोज तिथे जाते. हे आधीच सांगून टाकते, कारण जिला ऑपरेशन सांगितलेलं असतं तिला पहिल्यांदा हेच ऐकायचं असतं. मीही तेच शोधत होते, आणि ज्या बायांना विचारलं त्या सगळ्या "काय नाय होत गो" एवढंच म्हणून विषय बदलत होत्या.

त्या विषय बदलायच्या म्हणून मला पहिला संशय आला.

"आता उपयोग काय?"

दीड वर्ष अंगावरून जात होतं. पाळी आली की थांबायचं नाव नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की मागे साडीला काही लागलं असेल का, याच धास्तीत अर्धा धडा जायचा. मी गडद साड्याच नेसायला लागले होते. एकदा चढावर अंधारी आली आणि वाटेतल्या दगडावर बसून राहिले. त्या दिवशी घरी सांगणं भाग पडलं.

माझे मिस्टर महाडच्या एमआयडीसीत कारखान्यात आहेत, शिफ्टची ड्युटी. एक सुट्टी टाकून मला महाडला दवाखान्यात घेऊन गेले. सोनोग्राफीत पिशवीला गाठी निघाल्या. डॉक्टर बाईच होत्या, म्हणून मला बरं वाटलं होतं. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो यांना.

"मुलं किती?"

"एक मुलगी. कॉलेजला आहे."

"आणखी नको ना आता? मग पिशवी ठेवून उपयोग काय? काढून टाकू."

पिशवी माझ्या पोटात होती आणि बोलणं यांच्याशी चाललं होतं. मी मध्येच म्हटलं, "अंडाशय ठेवणार ना?" हे मला माहीत होतं, कारण माझी मोठी नणंद, निर्मलाताई, हिचं हेच ऑपरेशन मुंबईला झालं होतं. ती सांगायची की अंडाशय गेली की बाई एका दिवसात म्हातारी होते.

डॉक्टर म्हणाल्या, "ठेवू."

"आणि दुर्बिणीने होईल ना?"

"गाठी मोठ्या आहेत. पोटावर छेद घ्यावा लागेल."

परत येताना गाडीवर मागे बसून मी यांना म्हटलं, "मला शब्द द्या. ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त काही काढू द्यायचं नाही."

"दिला," हे म्हणाले.

दुसरं मत

निर्मलाताई महाडलाच राहते. मी तिला सांगितलं तेव्हा ती हातातलं निवडणं थांबवून म्हणाली, "मुंबईला तीन भोकं पाडून करतात. हितं चिरतात. का चिरतात ते विचार."

झालं. तेवढं पुरलं मला. आमच्याकडे असंही बोलतात की हल्ली पोटात जरा दुखलं की डॉक्टर पिशवीलाच हात घालतात. तळीयेला दरड आली तेव्हापासून आमच्या वाड्यांवर पावसाळ्यात कुणी डोंगराकडे निवांत बघत नाही. तसंच माझं झालं, फक्त मी माणसांकडे तशी बघायला लागले.

चवदार तळ्याच्या मार्चच्या कार्यक्रमाची महिला मंडळाची बैठक आहे असं घरी सांगून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बैठक होतीच, खोटं तेवढं नव्हतं. मी तिथे तोंड दाखवलं, सगळ्यांना जयभीम केला आणि मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन बसले. हे डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, "बाई, रक्त फार कमी झालंय तुमचं. गोळ्यांनी आता निभणार नाही. काढावीच लागेल. आणि छेदच घ्यावा लागेल."

दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मी मात्र एस.टी. स्टँडवर येईपर्यंत ठरवलं होतं की हे दोघे एका गावातले, एकमेकांकडे चहाला जात असणार, ठरवूनच बोलत असणार.

आज हसू येतं. पण त्या डॉक्टरांनी मला खरं सांगितलं होतं, आणि मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. शेवटी रक्तच इतकं उतरलं की संशय बाजूला ठेवून मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरवलं. आधी रक्ताच्या पिशव्या चढवल्या, मग थिएटर.

शेजारची खाट

पूर्ण भूल दिली होती. जागी झाले तेव्हा तोंड कोरडं पडलेलं आणि पोटावर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. हे शेजारी होते.

"सगळं नीट झालं?" मी विचारलं.

"नीट. सगळं नीट झालं," हे म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, सलाईनच्या बाटलीकडे बघून.

माझ्या शेजारच्या खाटेवर तुडीलची एक मावशी होती, साठीच्या पुढची. तिचं अंग खाली आलं होतं, म्हणून तिची पिशवी खालून काढली होती. पोटाला सुरी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती उठून वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लागली. मला मात्र कूस बदलायची म्हटलं तरी उशी पोटाशी दाबून धरावी लागायची. खोकला आला की टाके उसवतील या भीतीने मी तो गिळायचे. लघवीची नळी काढली तेव्हा इतकं सुख वाटलं की सिस्टरचे हात धरावेसे वाटले.

मावशीला घरी जायची घाई. "म्हस माज्याबिगर कुणाला हात लावू देत नाय," ती रोज डॉक्टरांना सांगायची. मला म्हणायची, "मास्तरीण, तू लय इचार करतेस गो. पोट फाडलंय, डोकं कशाला फाडून घेतेस?"

मी विचार करत होते तो वेगळाच. डॉक्टर राउंडला आल्या की माझे टाके बघायच्या, "छान" म्हणायच्या आणि यांना खुणेने बाहेर बोलवायच्या. मावशीशी मात्र तिच्याशीच बोलायच्या. मावशीला नवरा नव्हता, सोबतीला सून असायची आणि ती फोनवरच असायची. बाहेर काय बोलणं झालं असं विचारलं की हे म्हणायचे, "औषधांचं."

औषधांचं बोलायला माणसाला दाराबाहेर कशाला न्यावं लागतं?

मे महिना

घरी आल्यावर हे बदलले. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारा माणूस सकाळी उठून पेज करायला लागला. पोटाचा पट्टा बांधून द्यायचे, पाण्याची कळशी मला दिसणार नाही अशी ठेवायचे, मी उचलीन म्हणून. ड्युटीवरून दोनदा फोन. मुलगी, प्रज्ञा, म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय?" मलाही तेच विचारायचं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली, या माणसाने मला कधी "दमलीस का" विचारलं नव्हतं. एवढी माया एकदम कुठून आली?

निर्मलाताई भेटायला यायची. एके दुपारी मी झोपले आहे असं समजून ती आणि हे पडवीत बोलत होते. मी भिंतीला धरत पाणी प्यायला उठले, तशी दोघं एकदम गप्प झाली. ताई मोठ्याने म्हणाली, "यंदा आंबा कमीच आला, नाय?"

तेव्हा मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. काढलेली गाठ तपासायला पाठवली होती हे मला माहीत होतं. ती कॅन्सरची निघाली असणार आणि हे लोक माझ्यापासून लपवत असणार. फाईल कपाटात होती. त्यातलं अक्षर मला लागलं नसतं, ही एक सबब. खरं म्हणजे ती उघडायचा धीर झाला नाही.

अंगात वाफा यायच्या. बसल्या जागी छातीपासून कानापर्यंत गरम लाट चढायची आणि घामाने ब्लाउज चिकटायचा. महाड-पोलादपूरचा मे ज्याने काढलाय त्याला माहीत आहे, तिथे घाम यायला आजार लागत नाही. सगळेच घामाघूम, म्हणून मीही स्वतःला तेच सांगत राहिले. पण जून उजाडला, हवा गार झाली, प्रज्ञा गोधडी ओढून झोपायला लागली आणि मी तिच्या शेजारी पंखा लावून ओलीचिंब. सांधे धरायचे. क्षुल्लक कारणावरून भांडी आपटायची आणि मग मोरीत जाऊन रडायचे. शाळा सुरू झाली तेव्हा हजेरी घेता घेता मला एका मुलीचं नावच आठवेना. रोज जिचा हात धरून पाटीवर गिरवून घेत होते, तिचं.

घरात कुणाला काही बोलले नाही. मरणार असेन तर निदान प्रज्ञाची बारावी होईपर्यंत हिंडतं-फिरतं राहावं, एवढंच डोक्यात. तिला एका रविवारी मी डाळ शिजवायला, पोळ्या लाटायला शिकवायला बसले. ती म्हणाली, "आई, मला येतं हे." मी म्हटलं, "परत बघ."

मी एकटी गेले

तपासणीला प्रत्येक वेळी हे सोबत असायचे आणि माझ्या वतीने उत्तरं द्यायचे. "हो, बरी आहे. हो, जेवते." म्हणून या वेळी मी यांना न सांगता, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून महाडला गेले.

डॉक्टरांसमोर बसले आणि विचारलं, "मला कॅन्सर आहे का?"

त्यांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच काही सांगत नाही, म्हणून विचारते."

"नाही हो मॅडम. रिपोर्ट स्वच्छ आहे. मी मिस्टरांना तेव्हाच सांगितलं."

मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "मग मला या वाफा का येतात?"

"अंडाशय काढल्यावर येतातच. मी गोळ्यांचं बोलले होते, तर मिस्टर म्हणाले की तिला त्रास नाही."

मी म्हटलं, "अंडाशय ठेवायची ठरली होती."

आता त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

मग त्यांनी सांगितलं. पोट उघडल्यावर दिसलं की दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत आणि ती आतड्याला चिकटलीत. सोनोग्राफीत ते एवढं दिसलं नव्हतं. ठेवली असती तर पुन्हा पोट उघडायची वेळ आली असती. त्या तशाच थिएटरबाहेर आल्या, यांना विचारलं, यांनी हो म्हटलं. "मी त्यांना म्हटलं, शुद्धीवर आल्यावर मी समजावून सांगते. ते म्हणाले, नको, ती घाबरेल, मीच सांगीन. आणि मी आधीही म्हटलं होतं, खराब नसतील तर ठेवू."

म्हटलं असेल. मी 'ठेवू' एवढंच ऐकून घरी आले होते.

"पण ती माझी होती," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं की नाही, हे तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

डॉक्टरच्या तोंडून एवढं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. त्यावरही संशय आला, की मी तक्रार करीन म्हणून बोलत असतील. पण त्यानंतर त्यांनी बाहेरची रांग थांबवून मला सगळं सांगितलं. वाफा, हाडं, झोप, चिडचिड, विसरणं. नवराबायकोच्या जवळिकीत दुखतं का, हेही विचारलं. मी मान खाली घालून "हो" म्हटलं. मी ते मनातून कायमचं संपवून टाकलं होतं. त्याला मलम आहे, उपाय आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पडवीत

हे ड्युटीवरून आले तेव्हा मी पडवीतच बसले होते. चहा केला नव्हता.

"आज महाडला गेले होते. डॉक्टरांकडे."

यांनी डबा खाली ठेवला. बूट न काढताच पायरीवर बसले.

"अहो, शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता." यांनी एक बूट काढला. मग म्हणाले, "डॉक्टर बाहेर आल्या. हातमोजे तसेच. म्हणाल्या, लवकर सांगा, पेशंट टेबलावर आहे. मला काय कळतंय अंडाशयातलं? मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, प्रकाश, काढून टाकायला सांग, बाई जगली पाहिजे. मी हो म्हटलं."

"ते कळलं. मला का सांगितलं नाहीत?"

"तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, सगळं नीट झालं? मी हो म्हटलं. तेव्हा कसं सांगणार? उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू जरा हसलीस. मग वाटलं, घरी गेल्यावर. मग तू एकेक दिवस चिडायला लागलीस, आणि मला कळत होतं कशामुळे." यांचा आवाज बारीक झाला. "मग भीतीच बसली."

"मी तिकडे मरायची तयारी करत होते! पोरीला पोळ्या शिकवत होते! मला कॅन्सर झालाय असं वाटत होतं!"

यांनी मान वर केली. ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "कॅन्सर? नाय गो, रिपोर्ट तर चांगला आला." कारखान्यात, बाहेर शुद्ध बोलणारा हा माणूस घाबरला की आईच्या बोलीत जातो.

मी आत निघून गेले. पुढे कित्येक दिवस आमचं बोलणं भाजी-किराण्यापुरतंच होतं.

निर्मलाताई दुसऱ्या दिवशीच आली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती म्हणाली, "शिव्या दे मला." मी दिल्या नाहीत, पण विचारलं, "तूच म्हणायचीस ना, बाई म्हातारी होते? मग काढायला कसं सांगितलंस?"

ती खाली बसली. म्हणाली, "मला ठेवायला सांगायचं सुचलंच नाही. फोनवर तो रडत होता. मी आयुष्यात त्याला रडताना ऐकला नव्हता." मग म्हणाली, "आणि माझं काय लई बरं झालं? तीन भोकं, चौथ्या दिवशी घरी. बाहेरून काही दिसत नव्हतं म्हणून सगळ्यांनी आठवड्यात कामाला जुंपली. भरलेली बादली उचलली आणि आतून रक्त सुरू झालं, परत दवाखाना. तुला नाही सांगितलं. कुणालाच नाही. लोक म्हणतात, दुर्बिणीने केलंय, हिला काय झालंय दुखायला?"

मी उठून चहा टाकला.

बायांनो

पुढे महाडच्या बाजारात ती तुडीलची मावशी भेटली. फिरून सुकी मासळी विकत होती. मी म्हटलं, तुमचं बरं, खालून झालं, पोट फाडलं नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं कसलं गो? खोकला आला की लुगडं भिजतंय. सुनंला सांगू, का लेकाला?" मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिला काही व्यायाम दिलेत. करते म्हणते. मला खात्री नाही.

पिशवी वरून काढली, खालून काढली की दुर्बिणीने, हे जिच्या तिच्या पोटावर ठरतं, आणि प्रत्येकीला मागाहून काहीतरी निस्तरावं लागतं. छेद घेतलेल्या बाईने जड उचलायची घाई करू नये. जिच्या पोटावर खूण दिसत नाही तिने तर मुळीच करू नये, कारण तिला कुणी बसूच देत नाही. आणि ऑपरेशनआधी फक्त पिशवीबद्दल विचारू नका. आत काही वेगळं दिसलं तर काय करणार, आणि शुद्धीवर आल्यावर ते मला कोण सांगणार, हेही विचारा. उत्तर पूर्ण ऐका. माझ्यासारखं पहिल्या शब्दावर उठून येऊ नका.

मला थोड्या मात्रेच्या गोळ्या सुरू केल्या. त्या सगळ्यांना चालत नाहीत, तेव्हा माझं बघून कुणी घेऊ नये. वाफा कमी झाल्या, गेल्या नाहीत. झोप येते. मुलांची नावं आठवतात. मलमाची नळी आणायला पहिल्यांदा हेच गेले आणि औषधाच्या दुकानात इतके लाजले की नाव न सांगता चिठ्ठीच पुढे केली. घरी येऊन सांगताना आधी ते हसले, मग मी. त्या ऑपरेशननंतर दोघं मिळून हसलो ते तेव्हाच.

संशय मात्र माझ्यात राहिलाच. कुणी प्रेमाने वागलं की मी अजूनही क्षणभर थांबते आणि बघते, यामागे काय आहे. तो गेला असं लिहिलं तर खोटं होईल.

गेल्या महिन्यात हाडांची तपासणी होती. दवाखान्यात नाव पुकारलं तशी सिस्टरने सवयीने यांच्याकडे बघून विचारलं, "सोबत तुम्हीच ना? या आत."

हे जागचे उठले नाहीत. म्हणाले, "पेशंट त्या आहेत. त्यांच्याशी बोला."

मी आत गेले. डॉक्टरांसमोरची खुर्ची ओढली, बसले. उघड्या दारातून हे दिसत होते, बाकड्यावर, हात मांडीखाली घालून, बोलावलं नसतं तर तसेच बसून राहिले असते. मी उठले आणि दारापर्यंत गेले.

"या आत," मी म्हटलं. "बोलायचं मात्र नाही."

हे आले, माझ्या मागे उभे राहिले, आणि खरंच काही बोलले नाहीत.